द्रौपदीबाईंचं नाक

केतन तायडे व्हिस्कीच्या कंपनीत नोकरीला होता आणि त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच, समोरच्याने विचारो न विचारो. एकदा ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्या जर्मन म्हाताऱ्यालाही त्याने ती ऐकवली. म्हातारा "आख सो", म्हणजे "अस्सं", म्हणाला आणि पुढच्या स्टॉपवर उतरून गेला.

फ्रँकफर्टच्या पूर्वेला, माइन नदीच्या धक्क्यावर, त्सीग्लर नावाच्या मालकाचं गोदाम होतं. स्कॉटलंडातून व्हिस्कीची जुनी पिंपं विकत घ्यायची आणि बाटल्यांत भरून वर आपलं लेबल लावायचं, हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. कुठलं पिंप घ्यायचं, कुठलं सोडायचं, कुठलं अजून मुरू द्यायचं, हे ठरवायला नाक लागतं. जीभ लागत नाही. या कामातला माणूस दिवसभर ग्लासमागून ग्लास हुंगत असतो. तो पीत बसला तर दुपारच्या जेवणाआधीच टेबलाखाली जाईल. केतन डार्मश्टाटला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आला होता, तिथल्या प्राध्यापकांच्या ओळखीने तो या गोदामात आला आणि नाकाच्या जोरावर टिकला. शेरी वाइनच्या पिंपातला गंधकाचा अंश तो असा काही पकडायचा की म्हातारे मुख्य परीक्षक हेर फोग्टसुद्धा मान डोलवायचे.

राहता राहिलं शील. लहानपणी, वडील गेल्यावर, आईने त्याला नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं होतं आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या होत्या. 'मी दारू पिणार नाही' ही त्याने एवढ्या मोठ्याने म्हटली होती की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. ती त्याने पाळली होती. पिणं वेगळं आणि हुंगणं वेगळं, असा त्याचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. एवढा बिनतोड, की तो त्याने आईला कधीच सांगितला नाही. आईला त्याने सांगितलं होतं की तो अत्तराच्या कंपनीत आहे.

भुसावळला द्रौपदीबाई सगळ्या वस्तीला सांगत फिरायच्या, माझा लेक अत्तराचा डॉक्टर आहे.

इकडे व्हिस्कीच्या धंद्याला त्या वर्षांत वेड लागलं होतं. बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांच्या बाटल्यांवर लोक तुटून पडत होते, रशिया आणि चीनमधले नवे श्रीमंत मागतील ती किंमत मोजत होते, आणि दर महिन्याला कुठल्या तरी शहरात मेळा भरत होता. पूर्वी बाटलीवरचं वय विकलं जायचं, आता गोष्ट विकली जाऊ लागली. कुणाची पिंपं समुद्राच्या वाऱ्यात पिकलेली, कुणाच्या आजोबांनी ती महायुद्धात भिंतीआड लपवलेली. त्सीग्लरकडे गोष्ट नव्हती. त्याचे आजोबा महायुद्धात काय करत होते हे सांगण्यासारखं नव्हतं.

मग नाताळच्या पार्टीत त्याला गोष्ट सापडली. दिली कुणी, तर केतननेच. सफरचंदाचा रस पिऊनही माणूस किती बरळू शकतो हे त्या दिवशी सिद्ध झालं.

हे नाक आईचं आहे, असं त्याने सांगितलं. त्याचे वडील भुसावळच्या रेल्वे यार्डात कामाला होते. दिवस मावळताना घरी यायचे. द्रौपदीबाई दाराकडे पाठ करून चुलीपुढे बसलेल्या असायच्या, आणि मागे वळून न बघता त्यांना कळायचं, नवरा आज काय पिऊन आलाय. मोहाची, गुळाची, की सरकारी दुकानातली संत्रा. ते कळणं गरजेचं होतं. मोहाची असली की तो रडायचा. संत्रा असली की गाणी म्हणायचा. गुळाची असली, नवसागर घातलेली, की मारायचा. गुळाचा वास आला की त्या दाराकडे वळायच्या, डावा हात मागे जायचा, पोराला चाचपून पाठीशी घ्यायचा, आणि त्या अगदी साध्या आवाजात म्हणायच्या, "केतन, शेजारी जा." मग उजवं कोपर तोंडापुढे यायचं. केतन शेजारच्या अहिल्याबाईंकडे जाऊन बसायचा आणि कुडाच्या भिंतीतून त्याला सगळं ऐकू यायचं. द्रौपदीबाईंचं नाक कधी चुकलं नाही.

त्सीग्लरच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हुंडरबार, अप्रतिम," तो म्हणाला, आणि त्याने केतनचा हात घट्ट धरला.

नव्या वर्षात कंपनीची चकचकीत पुस्तिका निघाली. तिच्यात एक हसरी हिंदुस्थानी बाई चुलीपुढे बसलेली, दारात एक मिशीवाला झुलत उभा, आणि खाली मजकूर की आमच्या डॉक्टर तायडेंच्या आईला दारावरूनच कळायचं, नवरा आज कुठल्या गुत्त्यातून आलाय! मार गाळला होता. मारामुळे व्हिस्की खपत नाही. केतनला पुस्तिका आधी दाखवली होती. त्याने बराच वेळ ती न्याहाळली आणि एकच दुरुस्ती सुचवली. आईच्या नाकातली चमकी चित्रात उजवीकडे काढली होती, ती डावीकडे हवी. त्सीग्लरने ती ताबडतोब करून घेतली.

तेव्हापासून केतन व्यापारातल्या मासिकांत झळकू लागला. 'कधीही न पिणारं नाक.' त्सीग्लर त्याला 'आमचा भिक्खू' म्हणायचा, आणि फोटोसाठी मागे एक बुद्धाची मूर्ती ठेवायचा. बागकामाच्या दुकानातून आणलेली ती मूर्ती होती आणि तिच्या डोक्यावर पक्ष्यांना पाणी ठेवायचा खळगा होता. केतनने तीही चालवून घेतली. हेर फोग्ट उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यानंतर मुख्य परीक्षक कोण, बाटलीच्या लेबलावर सही कुणाची, हा प्रश्न होता. केतन स्वतःची सही रिकाम्या कागदांवर घोटून बघत होता.

मार्चमध्ये त्सीग्लरने त्याला बोलावलं. गोदामातलं सगळ्यात जुनं पिंप फोडायचं ठरलं होतं. नाव ठरलं होतं, 'पहिला घोट'. मे महिन्यात मेळ्याच्या स्टेजवर, सगळ्यांसमोर, भिक्खू आयुष्यातला पहिला घोट घेणार. लेबलं छापून आली होती.

"पण मला पिता येत नाही," केतन म्हणाला. "माझी प्रतिज्ञा आहे."

"गेनाऊ! तेच तर!" त्सीग्लर आनंदाने म्हणाला. "तुला पिता येत असतं तर बघायला कोण आलं असतं?"

त्सीग्लरने लेबल त्याच्यापुढे सरकवलं. खाली सहीची जागा कोरी होती. "आल्झो, हे बघ, तुझ्यावर सक्ती नाही," तो म्हणाला. "फोग्टच्या जागी एडिनबराचा एक माणूस यायला तयार आहेच. तो पितो. पण त्याला आई नाही."

केतनने एक दिवस मागून घेतला आणि एका दिवसात तोड काढली. ग्लास ओठाला लावायचा, ओठ मिटून ठेवायचे, गळा हलवायचा. प्रतिज्ञाही शाबूत आणि सहीही पक्की. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्याने ती बायकोला सांगितली. क्रांती नागपूरची, फ्रँकफर्टच्या एका बँकेत आयटीत होती, आणि भाजी चिरताना ऐकत होती.

"आई मेमध्येच येताहेत," ती म्हणाली. "विसरलास?"

"ती कशाला येतेय मेळ्याला?"

"त्यांना खरं सांगून टाक केतन. दारूच्या कंपनीत आहे म्हणून सांग. पीत नाहीस ना? मग भ्यायचं कशाला?"

"तिला नाही कळणार गं. तिच्या डोक्यात दारू म्हणजे हातभट्टी. इथलं प्रोफेशन वेगळं आहे."

"शाबास," क्रांती म्हणाली. "म्हणजे आईला फसवायचं, बॉसला फसवायचं, आणि वर शीलवान म्हणून मिरवायचं."

केतनला हे लागलं. लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर तो मुकाट बसला असता तर ठीक होतं. पण त्सीग्लरने सहज विचारलं, घरी सगळं बरं ना, आणि केतनच्या तोंडून निघून गेलं की आई येतेय. त्सीग्लर खुर्चीतून उठलाच. पुस्तिकेतली आई! जिवंत! स्टेजवर! केतनने नाही म्हणून पाहिलं, पण ते नाही फार बारीक होतं. आईला जर्मन येत नाही, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला धीर आला. ज्याची लाज वाटायला हवी त्याचाच त्याला आधार वाटला.

द्रौपदीबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्या दाराशी टांगलेल्या केतनच्या कोटापुढे थांबल्या.

"केतन, तुझ्या कोटाला वास येतोय."

"स्पिरिट, आई. अत्तर त्यातच विरघळवतात."

त्यांनी कोटाची बाही नाकाशी धरली. क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्यांची पाच वर्षांची मुलगी मैत्री आजीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने द्रौपदीबाई केतनजवळ आल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून हुंगलं आणि हसल्या.

"तोंडाला नाही येत," त्या म्हणाल्या. "वास तसाच आहे बघ, पण बाटलीतला. बाटलीतली वेगळी आणि माणसाच्या आत गेलेली वेगळी. आत गेली की ती त्या माणसाची होते." आणि कोट परत नीट टांगून त्या हात धुवायला गेल्या.

केतनने सुटकेचा निःश्वास सोडला. त्या रात्री तो छान झोपला. असल्या माणसांना झोप लागते.

मेळ्याच्या दिवशी द्रौपदीबाईंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. ही साडी त्या बुद्धपौर्णिमेला नेसत. लेकाच्या कंपनीचा कार्यक्रम आहे, साहेब स्वतः सत्कार करणार आहेत, एवढंच त्यांना माहीत होतं. हॉलच्या दारात त्या अडखळल्या. शेकडो ग्लास, शेकडो बाटल्या, त्यांतून उठणारी वाफ.

"अगं बाई, केवढं स्पिरिट," त्या म्हणाल्या.

"केवढं अत्तर आहे बघ ना आई," केतन म्हणाला.

त्यांनी मान हलवली. लोक ग्लास नाकाशी धरून डोळे मिटत होते, हे त्यांना दिसतच होतं. लेकावर त्यांचा विश्वास होता. तो खोटं बोलेल ही शंका यायला त्यांना काही कारण नव्हतं. खोटं बोलणाऱ्या पुरुषाला पुरून त्यांना वीस वर्षं झाली होती.

स्टेजवर त्यांना खुर्ची दिली. मैत्रीने आजीचं बोट सोडलं नाही, म्हणून तीही वर गेली, आणि त्सीग्लरला आनंदाचं भरतं आलं. "तीन पिढ्या!" तो माइकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्रौपदीबाईंनी हात जोडून "जयभीम" म्हटलं. त्यावरही टाळ्या पडल्या.

"फ्राऊ तायडे," त्सीग्लर वाकून म्हणाला, "तुमचा नवरा कुठून पिऊन आलाय, हे तुम्हाला खरंच न बघता कळायचं?"

सगळा हॉल हसऱ्या तोंडाने वाट बघत राहिला. केतन आईकडे वळला.

"आई, साहेब विचारताहेत, प्रवास कसा झाला?"

"बरा झाला म्हणावं. विमानात थंडी फार."

"ती म्हणते," केतनने हातातल्या माइकवर जर्मनमध्ये सांगितलं, "वारा आत आला की कळायचं."

हॉल खदखदून हसला. आपल्या थंडीला एवढी माणसं हसली म्हणून द्रौपदीबाईही तोंडाला पदर लावून हसल्या.

"आणि मग तुम्ही त्याचं काय करायचात?" त्सीग्लरने डोळा मिचकावला.

"आई, ते विचारताहेत, इथलं जेवण आवडलं का?"

"सुनेच्या हातचं आवडतं. ते काळे पाव नाही आवडत."

"ती म्हणते, त्याला उपाशी झोपवायचे."

पुन्हा हशा. एकाने तर पुढच्या रांगेत मांडीवर थाप मारली. त्या हॉलमध्ये दोन्ही भाषा येणारी दुसरी एकच बाई होती आणि ती पहिल्या रांगेत आपल्या बुटांकडे बघत बसली होती. क्रांतीही उठली नाही. तेवढी ती केतनची बायको होतीच.

मग ग्लास आला. दिवे मंद झाले. केतनने ग्लास हातात घेतला, सवयीने नाक आत घातलं, आणि त्याला आपली हुशारी विसरायला झालं. या पिंपावर तो कितीदा वाकला होता. सुके अंजीर, जुनं लाकूड, पावसाळ्यात बंद राहिलेली खोली, आणि या सगळ्याखाली, अगदी तळाशी, मोहाची फुलं. ती तिथे आहेत हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. फोग्टना ती सापडली नव्हती. त्याने वर्षानुवर्षं ती नुसती हुंगली होती, आणि दर वेळी ग्लास खाली ठेवताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्यालाच तो शील म्हणत आला होता.

ओठ मिटलेलेच होते. मग उघडले. कुणी जबरदस्ती केली नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. घोट आत गेला, छातीतून उतरला, पोटात जाऊन बसला, आणि केतनला बरं वाटलं. एवढं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"नॉख माल, बिट्टे, पुन्हा एकदा," फोटोग्राफर म्हणाला. केतनने दुसरा घोट घेतला. तिसऱ्यांदा फोटोग्राफरने सांगितलं नव्हतं, तरी त्याने ग्लास रिकामा केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. द्रौपदीबाईही उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. लेकाने साहेबासमोर काहीतरी चाखून दाखवलं, सगळ्यांना ते पसंत पडलं, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता तुमचा तो नमस्कार," त्सीग्लर केतनच्या कानात म्हणाला. "फोटोसाठी."

केतन आईच्या पाया पडला. उठला तेव्हा गाल तापलेले होते आणि तो हसत होता. द्रौपदीबाईंनी त्याची आलाबला घ्यायला दोन्ही हात पुढे केले, त्याचा चेहरा ओंजळीत धरला आणि जवळ ओढला.

"आई," केतन म्हणाला.

त्या एका शब्दाबरोबर बाहेर आलेला श्वास त्यांच्या तोंडावर आला. त्यांची बोटं त्याच्या गालांवरच थांबली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, ते काढून घ्यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी हात काढले. एक पाऊल मागे सरकल्या. डावा हात पाठीमागे गेला, चाचपडला, मैत्रीचा फ्रॉक मुठीत आला, आणि त्यांनी पोरीला ओढून पाठीशी घेतलं.

"ओमा, व्हास इस्ट? काय झालं आजी?" मैत्री म्हणाली.

"क्रांती," द्रौपदीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "पोरीला घेऊन शेजारी जा."

क्रांती उठली. फ्रँकफर्टच्या त्या हॉलला शेजार नव्हता, तरी ती स्टेजवर चढली, तिने पोरीला उचललं आणि दाराकडे चालू लागली. त्सीग्लर हसत हसत मायलेकांकडे बघत होता.

"व्हास झाग्ट झी? काय म्हणाली ती?"

"आई, ऐक ना," केतन म्हणाला आणि तिला धरायला पुढे झाला. हात उचलताना त्यात माइक आहे हे तो विसरला.

द्रौपदीबाईंचं उजवं कोपर तोंडापुढे आलं.

पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्सीग्लरच्या कपाळावर आठी पडली. संध्याकाळ हातातून निसटतेय हे त्याला कळलं. त्याने डोळ्यांनीच केतनला विचारलं, हे काय? आणि टेबलावर, रिकाम्या ग्लासशेजारी, लेबल पडलं होतं, सहीची जागा अजून कोरी.

केतनने आईकडे पाहिलं. कोपराआड तिचा चेहरा दिसत नव्हता, डाव्या नाकपुडीतली चमकी तेवढी दिसत होती. त्याने माइक तोंडाजवळ नेला.

"आमच्याकडे," तो म्हणाला, "असा आशीर्वाद देतात."

हॉलमधून एक मोठा हुंकार उठला. त्सीग्लरचा चेहरा उजळला. त्याने ताबडतोब स्वतःचं कोपर तोंडापुढे धरलं, दुसऱ्या हाताने ग्लास उंच केला आणि ओरडला, "प्रोस्ट!" मग पहिल्या रांगेने कोपरं उचलली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी हौसेहौसेने.

द्रौपदीबाईंनी कोपराखालून पाहिलं. सगळा हॉल तोंडापुढे हात धरून उभा होता आणि हसत होता. काय चाललंय ते त्यांना कळलं नाही. मार अजून पडला नव्हता, म्हणून त्यांनी कोपर खाली घेतलं नाही.